सशाच्या पाकिटात कोंबडी

सशाचा खिमा म्हणून चार महिने मी जे पाकीट आणत होते, त्यात चाळीस टक्के कोंबडी होती. पुढच्या बाजूला सशाचं चित्र, मोठ्या अक्षरांत ‘ससा’. मागच्या बाजूला, बर्फाचा थर अंगठ्यानं घासल्यावरच दिसेल अशा बारीक छापात, ससा ६० टक्के, कोंबडीचा सांगाडा ४० टक्के. मग बदकाचं पाकीट काढलं. त्यातही कोंबडी. टर्कीत कोंबडी. हरणाच्या मांसातसुद्धा कोंबडी. स्वयंपाकघरात फरशीवर बसून मी एकेक पाकीट घासत होते आणि दगडू, माझा फेरेट (मुंगसासारखा दिसणारा पाळीव प्राणी, पुढे सांगते), माझ्या मोज्याचं टोक धरून ओढत होता, की बाई, वाचन पुरे, वाढ आता.

कंपनीचं नाव घेत नाही. तिनं खोटं काही छापलेलं नाही. न वाचणारी मी. हे परीक्षण त्या कंपनीचं नाहीच, ती पाकिटं जिथून आणते त्या दुकानाचं आहे. पाचपैकी साडेतीन तारे. खिम्याचे फ्रीझर काढून टाकले तर साडेचार.

इंग्लंडात, यॉर्कशरमधल्या हडर्सफील्डहून स्लॅवितकडे जाताना (इंग्रजीत लिहितात लांबलचक, म्हणतात एवढंच) कालव्याच्या कडेला जुन्या कापड गिरण्या आहेत. त्यातल्या एकीच्या मागच्या अंगणात हे दुकान. पाटी अजून आधीच्या टायरवाल्याचीच आहे, त्यामुळे मी पहिल्यांदा दोनदा पुढे जाऊन परत आले. आत गेल्यावर वास येत नाही, हे पहिलं आश्चर्य. धुतलेली सिमेंटची फरशी, भिंतीला लागून नऊ आडवे फ्रीझर, आणि झाकणांवर चिकटपट्टी लावून मार्करनं लिहिलेलं: कोंबडी, बदक, ससा, गाय, मेंढी. शेवटच्या फ्रीझरवर ‘फर आणि पिसं’. गिऱ्हाईक बहुतेक कुत्रेवालं. फेरेटवाले आम्ही हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, पण त्या शेवटच्या फ्रीझरशी हमखास भेट होते.

दुकानदार साठीच्या पुढचे, गुडघे गेलेले, मला ‘लव्ह’ म्हणतात. इकडे सगळेच सगळ्यांना म्हणतात, त्यात काही नाही. त्यांच्या वडिलांकडे फेरेट होते, सशांच्या बिळात सोडायला. यॉर्कशरमध्ये हे जुनंच. पँटचे पाय घोट्याशी बांधून आत जिवंत फेरेट सोडायचे आणि कोण जास्त वेळ टिकतो ते बघायचं, असल्या पैजा लावणारा हा मुलूख. त्या काळी फेरेटला दुधात कुस्करलेला पाव घालायचे. ससा बिळातून हुसकून काढायचा फेरेटनं, खायचा घरच्यांनी, आणि फेरेटच्या वाट्याला पाव-दूध. ढाळ लागायचे, मागचे पाय लुळे पडायचे, आणि लोक म्हणायचे, वय झालं त्याचं. हे सांगताना म्हातारा स्वतःच मान हलवतो.

ज्यांना फेरेट माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. दिसायला मुंगसासारखा, नात्यानं पाणमांजराच्या घराण्यातला. माणसानं पाळायला लागून दोन हजार वर्षांच्या वर झाली. दिवसाचे चौदा-सोळा तास झोपतो, उरलेल्या वेळात घराची झडती घेतो. आणि तो निव्वळ मांसाहारी आहे, म्हणजे कुत्र्यासारखा भाकरी-मटण दोन्ही चालवून घेणारा नाही. आतडं आखूड, आंधळं आतडं नाहीच. खाल्लेलं तीन-चार तासांत बाहेर. धान्य, भाजी, फळ पचवायला त्याच्या पोटात ना वेळ आहे ना सोय. म्हणूनच त्याला दिवसातून चार-पाच वेळा थोडं थोडं लागतं, आणि फार वेळ उपाशी ठेवून चालत नाही.

माझ्याकडे दोन आहेत. दगडू, वजन १ किलो ४०० ग्रॅम, आणि ठकी, ७०० ग्रॅम भरते, तेही जेवल्यावर. दोघं निराधार प्राण्यांच्या आसऱ्यातून आणलेली. आधीच्या घरी मांजराच्या कोरड्या दाण्यांवर वाढलेली. इथेच खरी मेख असते. फेरेट पहिल्या काही महिन्यांत ज्याचा वास अन्न म्हणून ओळखतो, पुढे तेवढंच अन्न मानतो. माझ्याकडे आला तेव्हा दगडू तीन वर्षांचा होता. त्याच्यापुढे कोंबडीची ताजी मांडी ठेवली तर तो तिच्यावर चढून पलीकडे गेला. शिवली नाही म्हणत नाही मी, तुडवली. मांडी त्याच्या लेखी पायपुसणं.

अकरा आठवडे लागले. आधी दाणे कोंबडीच्या कोमट पाण्यात भिजवले. मग त्यात चिमूटभर खिमा. मग निम्मा खिमा. मध्ये एकदा मी घाई केली तर दिवसभर तोंड फिरवून बसला आणि मला घाम फुटला, तेव्हा परत दोन पायऱ्या खाली. शेवटी खिमा बोटाला लावून त्याच्या ओठांवर पुसायचा, चाटला तर चाटला. ठकीला मात्र पहिल्याच दिवशी पंखाचा तुकडा दिला तो तिनं ओढत नेला आणि सोफ्यामागे लपवला. जुलै महिना होता. चौथ्या दिवशी आम्हाला कळलं कुठे लपवला ते.

म्हणजे खिम्याला मी सरसकट नावं ठेवत नाही. दगडूला मांसावर आणलं ते खिम्यानंच. माझं भांडण एवढंच, की त्या पाकिटांच्या भरवशावर मी चार महिने समजत होते की या दोघांना पाच प्राणी खायला घालतेय. घालत होते एकच, पाच नावांनी.

कोणी म्हणेल, कोंबडीत काय वाईट? काही नाही. पण निरनिराळं देण्यामागे कारण आहे, हौस नाही. मेंढीची चरबी वेगळी, सशात चरबी जवळपास नाहीच, गाईच्या मांसात लोह आणि जस्त कोंबडीपेक्षा जास्त, आणि ह्रदयात टॉरीन भरपूर, जे मांसाहारी प्राण्याच्या ह्रदयाला आणि डोळ्यांना लागतं. एकाचं कमी दुसरा भरून काढतो. शिवाय ज्या फेरेटला कोंबडीच माहीत आहे, त्याला उद्या कोंबडी मिळाली नाही तर तो उपाशी बसणार. आणि अलीकडे इकडे कोंबडीची खात्री राहिलेली नाही; बर्ड फ्लूबद्दल पुढे सांगते.

हे सगळं मला आधी कळलं असतं, जर मी आबांचं ऐकलं असतं.

आबा एप्रिलमध्ये कोल्हापूरहून आले होते. मटण आणायला जाताना शर्ट बदलणारा माणूस. रविवारी सकाळी सातला दुकानाच्या फळीसमोर उभे राहून, ‘हितलं नको, त्या मागल्या मांडीचं काढ’, असं सांगत सांगत एकेक तुकडा पारखून घेणार. खाटीक शेवटी कलेजीचा तुकडा वर टाकणार, तो वजनात धरायचा नाही, असा ठराव. या माणसाला मी हौसेनं गिरणीमागच्या दुकानात नेलं. खिम्याचं गोठलेलं पाकीट त्यांनी हातात घेतलं, उलटंपालटं केलं, फ्रीझरच्या कडेवर ठक्कन आपटलं.

‘ही वीट हाय की गं. आत काय दळलंय, त्याला तरी ठावं हाय का?’

मी म्हटलं, आबा, इकडे सरकारची मंजुरी लागते, तपासणी असते, नमुन्यात साल्मोनेला, म्हणजे पोट बिघडवणारे जंतू, सापडले तर माल विकता येत नाही. ते सगळं खरं आहे. आबा म्हणाले, ‘तपासणी ऱ्हाऊ दे. सशाचं आन् कोंबडीचं एकाच भावात कसं परवडतंय ह्याला?’

किलोला चार पौंड. दोन्ही. मी हसले, आणि आठ पाकिटं घेऊन घरी आले. आबा परत गेल्यावर पंधरा दिवसांनी तो भाव डोक्यात खुटखुटायला लागला आणि मी फरशीवर बसून बर्फ घासायला लागले.

तेव्हापासून माझा नियम एकच: प्राणी ओळखू आला तर घ्यायचा. आणि त्या दृष्टीनं पाहिलं तर हे दुकान फार चांगलं आहे, कारण नऊपैकी तीन फ्रीझरमध्ये ओळखू येणारा माल आहे. बाकीच्यांत विटा.

‘फर आणि पिसं’मध्ये सगळ्यात वर एक दिवसाची कोंबडीची पिल्लं असतात. अंड्यांच्या उद्योगात नर पिल्लांना भाव नाही, ती मारून, गोठवून ससाणे पाळणारे, साप पाळणारे आणि आम्ही, अशांना विकतात. पंचवीसची पिशवी पाच पौंडांना. पहिल्यांदा पिशवी उघडली तेव्हा मी झाकून परत ठेवली, हे कबूल करते. पिवळीधमक, चोच मिटलेली. कोल्हापुरात मटण खात मोठी झालेली मी, पण मटणाला तोंड नसतं. दुसऱ्या दिवशी एक काढलं, बंद पिशवीत घालून गार पाण्यात सोडलं, आणि तासाभरानं ठकीपुढे ठेवलं. तिनं मानेला धरून एकदा झटकलं, मग डोक्यापासून सुरुवात केली. करकर असा आवाज येतो, कुरडई मोडल्यासारखा. शेवटी जमिनीवर राहिला पोटातल्या बलकाचा एक पिवळा ठिपका. तेवढा ती नेहमीच सोडते, आणि दगडू येऊन पुसून घेतो. पिल्लू उत्तम, पण रोज तेच नको. त्याची हाडं अजून कच्ची, अंगावर मांस कमी. काही जुने लोक पिल्लांवरच फेरेट पोसायचे, ते पाव-दुधापेक्षा शंभर पटीनं बरं, एवढंच.

लावरी, म्हणजे बटेर, मात्र माझी लाडकी. सोललेली, चारांचं पाकीट सात पौंड. महाग आहे, पण हाडं दगडूच्या जबड्याला बरोबर जमतात आणि एका लावरीत दोघांचं दिवसभराचं होतं. हाड कच्चंच द्यायचं, हे वेगळं सांगायला नको, तरी सांगते, कारण माझ्या नणंदेनं प्रेमानं रश्श्यातली नळी धुऊन दिली होती. शिजलेल्या हाडाचे टोकदार तुकडे होतात, आतडं फाडतात. आणि उलट बाजूचा घोळ मी स्वतः केलेला आहे. सुरुवातीच्या महिन्यात स्वच्छ म्हणून नुसती बोनलेस छाती दिली. हाडाशिवाय कॅल्शियम येणार कुठून? चूक व्हेटबाईंनी, म्हणजे प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी, दाखवली.

मेंढीचं ह्रदय आणि कलेजी मेंढीच्या फ्रीझरमध्ये, पारदर्शक पिशवीत, अख्खी. हा माल आबांनाही पसंत पडला होता. ह्रदय मी सढळ हातानं देते, कलेजी मोजून. आठवड्याच्या एकूण खाण्यात कलेजी साधारण विसावा हिस्सा, तेवढाच दुसरा एखादा अवयव, गुर्दे वगैरे, आणि दहावा हिस्सा हाड. कलेजी जास्त झाली तर अ जीवनसत्त्व अंगात साठून त्रास देतं. वजनकाटा रोज लागत नाही. सकाळी शी बघायची. पांढरी, खडूसारखी भुगा होणारी असेल तर हाड जास्त झालं. काळी, चिकट, पातळ असेल तर बहुधा कलेजी. एरवी कच्च्यावरच्या फेरेटची शी थोडी असते आणि वास दाण्यांवर होता त्याच्या पावही येत नाही. घरच्यांना माझं सगळं प्रकरण पटलं ते या एका कारणावर.

आता ससा. अख्खा रानससा, पाच पौंड, कधी कातड्यासकट, कधी सोललेला. या दुकानातली सगळ्यात खरी वस्तू. पण एक प्रश्न विचारल्याशिवाय घेऊ नका: कसा मारला? छर्ऱ्यांच्या बंदुकीनं मारलेल्या सशात शिशाचे बारीक गोळे राहतात, आणि एवढ्याशा प्राण्याला शिसं म्हणजे विष. मी हॉस्पिटलात एक्स-रे काढते. छर्रे फिल्मवर कसे पांढरे टिपके दिसतात ते मला माहीत आहे, आणि खरं सांगायचं तर पहिला ससा आणला तेव्हा कामावरच्या मशीनखाली ठेवायचा मोह झाला होता. ठेवला नाही. म्हाताऱ्याला विचारलं, तर त्यांनी लगेच सांगितलं, जाळीतले आहेत, म्हणजे बिळात फेरेट सोडून, तोंडाशी जाळी लावून धरलेले. घ्या. म्हणजे माझ्या फेरेटच्या जेवणाला दुसऱ्या कोणाचे तरी फेरेट राबले होते. रानातला प्राणी मी तीन आठवडे फ्रीझरमध्ये ठेवूनच देते, परजीवींच्या धास्तीनं.

उंदीर आहेत, मी महिन्यातून एकदा घेते. मासे या दुकानात नाहीत आणि माझी काही तक्रार नाही. माझ्या मालवणी मैत्रिणीनं बांगडा आणून दिला होता, दोघांनी हुंगून पाठ फिरवली. तिला फार लागलं ते.

तक्रारी. एक, दुकान गुरुवार आणि शनिवारच उघडं, आणि शनिवारी दहानंतर ससा शिल्लक नसतो. दोन, कार्डाचं मशीन अर्धा वेळ बंद. तीन, ही गंभीर: मे महिन्यात पिल्लांची पिशवी हातात घेतली तर आतली पिल्लं एकमेकांना चिकटून एकच गोळा झालेली आणि पिशवीच्या तळाशी गुलाबी बर्फ. म्हणजे माल मध्ये कुठेतरी वितळून परत गोठलेला. मी दाखवल्यावर म्हाताऱ्यांनी हुज्जत न घालता बदलून दिली, पण ती पिशवी परत फ्रीझरमध्ये ठेवली की फेकली, ते मी बघायला थांबायला हवं होतं. आता मी प्रत्येक पिशवी हलवून बघते. पिल्लं सुटी खडखडली पाहिजेत.

व्हेटबाईंबद्दल थोडं, कारण प्रामाणिकपणे सांगायला हवं. त्या कच्च्याच्या बाजूच्या नाहीत. जंतूंचं त्यांचं म्हणणं बरोबर आहे, ते साल्मोनेला फेरेटला झेपले तरी माझ्या ओट्यावर यायचे ते येतातच. म्हणून आमच्याकडे वेगळी सुरी, वेगळा पाट, सुरमई रंगाची एक थाळी जिला दुसरं कोणी हात लावत नाही, आणि अर्ध्या तासात न खाल्लेलं उचलून टाकायचं. सोफ्यामागे दर रात्री टॉर्च मारायचा. घरात तान्हं मूल किंवा केमो चालू असलेलं कोणी असतं तर मी हा उद्योग केला नसता.

आणि बर्ड फ्लू. फेरेट आणि फ्लू यांचं नातं जुनं. माणसाच्या फ्लूचा विषाणू पहिल्यांदा सापडला तोच फेरेटमध्ये, १९३३ साली लंडनमध्ये, आणि तिथल्याच प्रयोगांतला एक फेरेट पुढे संशोधकाच्या तोंडावर शिंकल्यावर संशोधकही आजारी पडला. माझा फ्लू दगडूला होऊ शकतो, त्याचा मला. पक्ष्यांचा एच५एन१ सुद्धा फेरेटला होतो. अमेरिकेत २०२४ च्या अखेरीस कच्चं टर्की खाऊन एक मांजर त्यानं मेलं. गोठवल्यानं हा विषाणू मरत नाही. त्यामुळे जवळपास साथीची बातमी आली की मी पिल्लं, लावरी, बदक सगळं बंद करते आणि ससा, मेंढी, गाय यांवर भागवते. गेल्या हिवाळ्यात सहा आठवडे भागवलं. दगडूनं कुरकुर केली नाही. मांजराच्या दाण्यांवर वाढलेला, मांडी तुडवून पुढे गेलेला तो दगडू.

मी खिम्याबद्दल बोलले म्हाताऱ्यांशी. पाकीट पुढे केलं, अंगठ्यानं घासून दाखवलं. त्यांनी चष्मा काढला, वाचलं, म्हणाले, कुत्रेवाल्यांना चालतं, लव्ह. खरं आहे. पण पुढच्या शनिवारी गेले तर खिम्याच्या फ्रीझरवरच्या चिकटपट्टीवर ‘ससा’च्या पुढे मार्करनं जोडलं होतं, ‘आणि कोंबडी’. बदकाच्या पुढे अजून जोडलेलं नाही. मी आठवण करणार आहे.

जाणार असाल तर शनिवारी साडेनऊला दारात हवं. थंड पिशवी आपली न्या, ते देत नाहीत. रोख पैसे ठेवा. लावरी हवी असेल तर गुरुवारी सांगून ठेवा, नाहीतर ती मी नेलेली असते.